बाहेरच्या खिळ्यांवरचे चार कप

आप्पासाहेबांना चहा जमायचा, माणसं जोडणं जमायचं, खोटं बोलणं मात्र कधी धड जमलं नाही. आयुष्यात एकदाच काय ते बेमालूम जमलं, तेही फोनवर, सख्ख्या नातीशी. तेच आज त्यांच्या छातीवर येऊन बसलं होतं.

हर्सूलला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं हाटेल. वडलांनी, म्हणजे तात्यांनी घातलेलं. आप्पासाहेब दहाव्या वर्षी भट्टीपुढं बसले ते गुडघ्यांनी साथ सोडल्यावरच उठले. तात्यांच्या मागं एक्केचाळीस वर्षं त्यांनी गल्ला सांभाळला. पहाटे चारला दूध तापत ठेवायचं आणि शेवटची एसटी गेल्याशिवाय पाठ टेकायची नाही, हा नेम. कुणाच्या घरी मयत झाली तर सांगावा येण्याआधी यांच्या हाटेलातून चहाची किटली निघालेली असायची. असा माणूस गावाला भला वाटणारच, आणि होताही. पुढं हर्सूल शहरात गेलं, आप्पासाहेब मुलाकडे बजाजनगरला गेले आणि हाटेलाच्या दाराला कुलूप लागलं.

ते कुलूप उघडलं श्रेयानं. मुलाची मुलगी. दोन वर्षं जपानात, ओसाकाला, म्हाताऱ्यांची सेवा करण्याच्या नोकरीवर होती. तिथल्या एका जुन्या वस्तीत, दोन माणसं शेजारून जेमतेम जातील अशा गल्लीत, एक कॉफीचं दुकान होतं. मालक आप्पासाहेबांच्याच वयाचा. भिंतीवर लोलकाचं घड्याळ, पन्नास वर्षांपूर्वीच्या खुर्च्या, जुन्या तबकडीवर गाणी, आणि दाराशी आकड्यांवर टांगलेले कप. रोजच्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा कप, दुसऱ्या कुणाला त्यात कॉफी मिळायची नाही. दुसऱ्या वर्षी मालकानं श्रेयाचा कप तिथं टांगला, तेव्हा पोरगी घरी फोन करून रडली होती. आता आपल्याही माणसांसाठी असंच काहीतरी करायचं, असं तिनं डोक्यात घेतलं. बापानं ‘लग्नाचं बघ’ म्हणून पाहिलं, पण ऐकतंय कोण.

हाटेल आवरताना तिला पत्र्याच्या पेटीत चार कप सापडले. निळ्या फुलांचे, प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका. बाहेरच्या खांबाला चार खिळे होतेच. तिनं लगेच व्हिडिओ कॉल लावला.

“आबा, हे रोजच्या गिऱ्हाइकांचे ना? ओसाकातल्यासारखे? ज्याचा त्याचा वेगळा?”

पडद्यावर तिचा चेहरा इतका उजळला होता, की खरं सांगायला आप्पासाहेबांची जीभ वळेना. “व्हय,” ते म्हणाले. “खास माणसांचे.”

खास कसले? ते गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांचे कप होते. त्यांनी आत यायचं नाही, बाहेर पायरीखाली उभं राहायचं, खिळ्यावरचा कप स्वतः काढायचा. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की कप स्वतः विसळून परत खिळ्याला. आतल्या कपांत चुकून मिसळू नयेत म्हणून बुडाला ठिपका. ‘तात्यांची रीत होती ती,’ असं आप्पासाहेब मनाला सांगत आले होते, आणि इतक्या वर्षांत मनानंही ते मान्य केलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊला ते पोचले आणि क्षणभर सगळं विसरले. हाटेल लई देखणं झालं होतं. भट्टीच्या जागी काचेच्या फुग्यात कॉफी उकळत होती. जुनी बाकडी घासूनपुसून मांडली होती, दिव्यांना कापडी टोप्या होत्या, घड्याळाचा लोलक हलत होता. एका टेबलावर उंच ग्लासात हिरवं सरबत आणि वर आइस्क्रीमचा गोळा. शेंद्र्याच्या एका कंपनीतले दोन जपानी साहेब आधीच येऊन जाडजूड टोस्ट खात होते.

मग त्यांची नजर दाराबाहेर गेली. त्याच खांबावर, त्याच चार खिळ्यांवर, तेच चार कप.

“चरे गेलेत गं त्यांना,” ते म्हणाले. “काढून टाक. नवे आण.”

“आबा, कपांसाठीच तर हे सगळं केलंय. हे वाचा.” तिनं छापलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. पदार्थांच्या यादीच्या वर कपांचं चित्र होतं आणि मजकूर होता: ‘माझ्या आजोबांच्या हाटेलात खास गिऱ्हाइकांचा कप वेगळा असायचा.’ तिनं अशी दोनशे कार्डं छापली होती.

“आणि अकरा वाजता कडुबा आजोबा येतायत,” ती म्हणाली. “त्या काळचे तेवढेच उरलेत ना? पाटबंधारे खात्यात होते ते. मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. म्हटलं, तुम्ही आमच्याकडे चहा प्यायचात ना? ते म्हणाले, व्हय. म्हटलं, तुमचा कप जपून ठेवलाय. लई वेळ बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, येतो.”

कडुबा आणि आप्पासाहेब एका वयाचे. हर्सूलच्या तलावात दोघांनी मिळून डुंबायचं, कपडे एकाच दगडावर वाळत घालायचे. तलावावरून हाटेलापर्यंत दोघं बरोबर यायचे, पायरीपाशी कडुबा थांबायचा आणि आप्पा आत जायचा.

पुढचे दोन तास त्यांनी काय नाही केलं! कप पुसायच्या निमित्तानं एक खाली पाडायला बघितला, तो श्रेयानं वरच्यावर झेलला. खांबासमोर कुंडी सरकवली, तिनं ती बाजूला केली. छातीत दुखतंय म्हणून झालं, तर ती डॉक्टरला फोन करायला निघाली. दोनदा तिला आतल्या मोरीपाशी बोलावून नेलं, तोंड उघडलं, आणि ‘साखर बेतानं घाल’ असं काहीतरी सांगून परत पाठवलं. नातीचं आपल्यावरचं मन उडेल, एवढी एकच भीती होती. बायको गेल्यापासून त्यांना विचारणारं घरात दुसरं होतं कोण?

अकराला कडुबा आला. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात काठी. “जय भीम,” म्हणाला. आप्पासाहेबांनी हात जोडले. दोघे जपानी साहेब मोबाइल काढून उभे राहिले.

“आजोबा, तुमचा कोणता, तो तुम्हीच ओळखायचा,” श्रेया म्हणाली.

कडुबानं काठी खांबाला टेकवली. दुसरा कप काढला, उलटा केला, लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

“ह्यो.”

“कसा काय ओळखलात?”

“कानाचा टवका उडालाय. रोज मीच धूत व्हतो, ओळखणार नाय व्हय?”

श्रेया हसली. “गिऱ्हाइकानं कप धुवायचा? हे कसलं हो हाटेल!”

कडुबा हसला नाही. त्यानं आप्पासाहेबांकडे पाहिलं. “आप्पा, पोरीला सांगितलं नाय तू?”

आता पळायला जागा नव्हती. आप्पासाहेबांनी खांबाला धरलं आणि सांगितलं. पायरीखाली उभं करणं, वरून ओतणं, ठिपका, सगळं. शेवटी म्हणाले, “तात्यांची रीत व्हती बाळा. जुनं माणूस. त्यांच्यापुढं माझं काय चालणार?”

कडुबानं शांतपणे विचारलं, “तात्या कवा गेले?”

“एकाहत्तरला.”

“आन् मी तुझ्याकडं यायचं कवा बंद केलं?”

आप्पासाहेब खिळ्यांकडे बघू लागले.

“पंच्याहत्तरला,” कडुबानंच सांगितलं. “चार वर्सं गल्ल्यावर कोण व्हतं, आप्पा? रोज वाट बघायचो मी. म्हनायचो, आज आत बोलावंल. आपल्यासंगं पव्हलेला हाय, आज तरी बोलावंल.”

“मी व्हतो,” आप्पासाहेब म्हणाले. “गिऱ्हाईक तुटंल म्हणून भ्यालो. आन् कप मी काढलेच नाय. तुम्ही येनात, म्हणून नुसते पडून राहिले.”

एका जपानी साहेबानं हळूच काहीतरी विचारलं. श्रेयाला उत्तर देणं भाग होतं. ती त्यांच्या भाषेत सांगू लागली, खाली बघत, थांबत थांबत. आप्पासाहेबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण गोष्ट आपल्यापाशी आली ते त्यांना नेमकं कळलं, कारण दोन्ही साहेबांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं आणि मोबाइल खाली घेतले. उभ्या जन्मात त्यांना एवढी लाज कधी वाटली नव्हती.

श्रेया पुढं झाली आणि खिळ्यांवरचे उरलेले कप काढू लागली.

“ऱ्हाऊ दे,” कडुबा म्हणाला आणि हातातला कपही तिथंच लावला. “टाकून दिलं म्हंजी घडलंच नाय, असं व्हतं व्हय? ते छापलेलं खोड. खरं लिव्हा.”

तिनं एक कार्ड उलटं केलं आणि आप्पासाहेबांपुढं धरलं. पेन कडुबानं दिलं, आपल्या खिशातलं. आप्पासाहेबांनी पायरीवर बसून लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत ‘माझ्या वडलांनी’ असं लिहून गेले, थांबले, ते खोडलं आणि पुढं लिहिलं, ‘मी, आप्पासाहेब यानं, हे कप बाहेर टांगले.’ खाली कोणासाठी ते लिहिलं, आणि सही केली.

कडुबानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “बराबर,” म्हणाला. पेन परत खिशाला लावलं, काठी घेतली आणि पायरी चढून तो आत गेला. खिडकीजवळची खुर्ची त्यानं स्वतःच निवडली आणि ऐसपैस बसला. श्रेया कॉफी घेऊन त्याच्यापाशी गेली. आजोबांच्या शेजारून जाताना तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

आप्पासाहेब बाहेर पायरीवरच राहिले. आतून कपबशीचा आवाज आला, कडुबा काहीतरी विचारत होता, श्रेया उत्तर देत होती. आत या, असं म्हणायला कुणी बाहेर आलं नाही. दार सताड उघडं होतं, आणि स्वतःहून उठून आत जायचा त्यांना धीर होत नव्हता.