दुसऱ्या बटणाचं माप

आमच्या गल्लीतलं प्रत्येक दार माझ्या बाबांनी बसवलेलं, नाहीतर निदान दुरुस्त केलेलं. फक्त माझ्या आईच्या कपाटाला दार नव्हतं. सुताराच्या घरात भिंतीला टेकून उभं असलेलं ते एक अरुंद कपाट, आणि दाराच्या जागी जुन्या चादरीचा पडदा! पाहुणे आले की आई मुद्दाम त्या पडद्यासमोर खुर्ची मांडायची, म्हणजे त्यांना तो नीट दिसावा.

लहानपणी मी बाबांना विचारायचे, "बाबा, आईच्या कपाटाला दार का नाही?"

ते रंधा न थांबवता म्हणायचे, "केलं होतं गं. लाकूड वाकलं."

काही वर्षांनी पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच. आई आतून ओरडायची, "जगात कोणाचं लाकूड वाकत नाही, माझ्याच कपाटाचं बरं वाकतं! माझं नाव काढलं की वाकतं वाटतं!" बाबा हसायचे आणि आमचं बोलणं तिथेच संपायचं.

मला मात्र चैन पडायचं नाही. मी जन्मापासूनची चोंबडी. आई म्हणते, नाक खुपसायला जागा मिळाली नाही तर ही पोरगी भोक पाडून घेईल. खोटं कशाला बोलू, घेतलंही असतं.

बाबांना सगळे मिस्त्री म्हणायचे. उंच, हडकुळे, कानावर पेन्सिल, केसांत भुस्सा. घरामागेच त्यांचं कामाचं शेड होतं. तिथे रोज संध्याकाळी त्यांचे तीन मित्र यायचे. एक न्हावीकाका, एक टेलरकाका आणि एक ड्रायव्हरकाका. चौघं शाळेत एका बाकावर बसलेले, ते जन्मभर उठलेच नाहीत म्हणा ना! खोकी उलटी टाकून तिघं बसायचे, बाबा काम करत राहायचे आणि वाद असा चालायचा की शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. ड्रायव्हरकाका रंगात आले की हवेतच स्टिअरिंग फिरवायचे.

बाबांचा हात मोकळा होता, मित्रांसाठी आणि घरच्यांसाठीही. मी वाढत गेले तसे माझ्या स्टुलाचे पाय त्यांनी वाढवत नेले. आई आमची एवढीशी, म्हणून स्वयंपाकघरातली एकूण एक फळी तिचा हात पोचेल अशी. उंच माणूस आत शिरला की त्याचं कपाळ फळीवर आपटलंच म्हणून समजा. सर्वांत जास्त टेंगळं अर्थातच बाबांना यायची.

त्यांची मापं घ्यायची एक खोड होती. लांबीरुंदीला टेप, पण उंची मात्र अंगावरच्या शर्टाने. सरळ उभं राहायचं, फळी अंगाला लावायची आणि म्हणायचं, "हं, शेवटच्या बटणाइतकं टेबल." शर्ट सगळे टेलरकाकांनी शिवलेले, बटणांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं. एकदा टेलरकाकांना फॅशनची हुक्की आली आणि त्यांनी नव्या शर्टाची बटणं खाली सरकवली. बाबांनी तोच शर्ट घालून एका वाचनालयाची टेबलं केली. सगळी बुटकी! मोठमोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन पेपर वाचायला लागली. चूक बाबांनी कबूल केली, सगळ्या पायांना जोड दिले आणि टेलरकाकांनी पुन्हा कधी बटणाला हात लावला नाही. "मी शर्ट शिवतो की फूटपट्टी, माझं मलाच कळत नाही," ते कुरकुरायचे.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. सकाळी शेडमध्ये गेले, छातीत कळ आली आणि खाली बसले, ते बसलेच. त्याबद्दल मला फार लिहिता यायचं नाही.

मग एके दिवशी आईने जाहीर केलं, "रविवारी वखारवाला येतोय. शेडमधलं लाकूड नेणार आहे. हे कपाटही त्यालाच देऊन टाकणार आहे मी."

"कपाट कशाला? असू दे की."

"कशाला असू दे?" आई पडद्याची एक कड मुठीत धरून उभी होती. "सगळ्या गावाला दारं दिली. तीन मित्रांनी हाक मारली की हातातला घास टाकून धावत गेले. आणि मी? मी सगळ्यांच्या शेवटी. एवढी वर्षं रोज सकाळी हा पडदा बाजूला करते आणि रोज तेच मनात येतं. आता तर दार करायलाही ते नाहीत. मग रोज कशाला बघू?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे कांदे निवडायला बसली. आईने आपल्या नवऱ्याबद्दल हेच मनात धरून उरलेलं आयुष्य काढायचं? आणि खरंच तसं असेल तर? एकच दार, आणि तेच का नाही? मला उत्तर हवं होतं, आणि तेही रविवारच्या आत.

सुरुवात न्हावीकाकांपासून केली. ते गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत होते. मी कडेला टेकले आणि सवयीप्रमाणे आरशाखालच्या लांब फळीवरून हात फिरवला. हे बाबांचंच काम, हे मला ठाऊक होतं. पण बोट खालच्या कडेला गेलं आणि अडकलं. तिथे लाकडात एक चपटी खाच होती. थोडं पुढे तशीच दुसरी.

मी सुताराची लेक. बिजागरीचं घर मला डोळे मिटूनही ओळखता येतं. पण फळीला बिजागऱ्या कशाला?

"काका, ही फळी कधीची?"

न्हावीकाकांची छाती फुगली. "दुकान उघडायच्या आदल्या दिवशी माझी फळी मोडली, तेव्हाची! मी डोक्याला हात लावून बसलो होतो. मिस्त्रीला निरोप धाडला, तर तासाभरात हे घेऊन हजर! आणि बघ, घाईतसुद्धा माझा विचार केलाय." त्यांनी फळीवरची साबणाची वाटी उचलली. खाली एक वीतभर चौकोनी, उथळ खड्डा होता. "वाटी घसरू नये म्हणून. दुसऱ्या कोणाला सुचलं असतं का?"

"पण हा मधोमध का नाही?"

"अगं, माझा उजवा हात बरोबर तिथे पडतो ना!"

गिऱ्हाइकाने साबणातून मान डोलावली. माझे कान मात्र टवकारले होते.

तिथून तडक ड्रायव्हरकाकांकडे. त्यांचा पाय मोडला होता, तेव्हा बाबांनी खाटेला लागून एक लांबलचक टेबल करून दिलं होतं. पाय बरा झाला, टेबल तिथेच राहिलं. मी आत गेले ती थेट टेबलाखाली वाकले. काकू म्हणाल्या, "काय गं, काही पडलं का?" पडलं नव्हतं, सापडलं होतं. बिजागऱ्यांची दोन घरं, आणि वरच्या बाजूला तस्साच चौकोनी खड्डा. त्यात औषधाची बाटली आणि पाण्याचा पेला.

"गाडी चालवणाऱ्याला विचार," ड्रायव्हरकाका कौतुकाने म्हणाले. "पेला कधी हिंदकळायचा नाही. मिस्त्रीने खास माझ्यासाठी डोकं चालवलं."

मला हसू आवरेना. टेलरकाकांच्या दुकानात काय दिसणार, हे जाण्याआधीच माहीत होतं. कापड बेतायचं टेबल, कडेला बिजागऱ्यांची घरं, चौकोनी खड्ड्यात टाचण्या आणि खडू. काकांनी तोंड उघडताच मीच म्हणाले, "खास तुमच्यासाठी ना?"

"तुला कसं कळलं?"

"काका, हे टेबल नाही हो. हे दार आहे. तुमच्याकडे एक, न्हावीकाकांकडे एक, ड्रायव्हरकाकांकडे एक. तिन्ही आईच्या कपाटाची. तो चौकोन आरशाचा आहे."

टेलरकाका मख्खासारखे बघत राहिले. मग त्यांनी टाचण्या बाजूला केल्या, गळ्यातली टेप काढली आणि टेबलाच्या टोकापासून खड्ड्यापर्यंत लावली. पुन्हा लावली. आणि धपकन खुर्चीत बसले.

"अगं, हे दुसरं बटण आहे," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या शर्टाचं दुसरं बटण. जमिनीपासून बरोबर एवढं. आयुष्यभर मीच तर लावत आलोय."

आणि मला एकदम दिसलं. आई बाबांना चहा द्यायला शेडमध्ये यायची, त्यांच्यासमोर उभी राहून कडाकडा भांडायची, तेव्हा तिचे डोळे कुठे असायचे? बरोबर त्यांच्या दुसऱ्या बटणासमोर. बाबांनी तिला कधी मापाला उभं केलं नाही. त्यांना गरजच नव्हती.

हे ऐकल्यावर तिघांचं जे झालं ते विचारू नका. न्हावीकाकांनी तर गिऱ्हाईक अर्धवट दाढीवर सोडून फळी रिकामी करायला घेतली. "वहिनींचं दार मी वापरतोय आणि वर मिशीला पीळ देतोय! लाज आहे का मला?" गिऱ्हाईक बिचारं एका गालाने म्हणत होतं, "अहो, आधी मला तरी पुरं करा!"

रविवारी सकाळी तिघं आमच्या शेडमध्ये माना खाली घालून उभे होते. वखारवाला त्याच्या माणसांसह बाहेर. मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा काही सैल होईना.

"दिलं तर दिलं," ती शेवटी म्हणाली. "नाही कोण म्हणालं असतं? पाय मोडलेल्या माणसाला टेबल नको म्हणाले असते का मी? पण मला सांगायला काय झालं होतं? लाकूड वाकलं म्हणे! आणि तुम्ही तिघं, खबरदार कोणी काही परत आणलंत तर. माझ्या दारात आलेलं सामान मी बाहेर फेकीन."

"वहिनी, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तीन वेळा केलं, कबूल. चौथ्यांदा मात्र जमलं नाही. म्हणजे शेवटी मी शेवटचीच की नाही?"

आईने वखारवाल्याला हात करून आत बोलावलं. त्याची माणसं भिंतीशी उभ्या असलेल्या फळ्या एकेक करून काढायला लागली. सगळ्यांत मागे, अगदी भिंतीला चिकटून, काहीतरी चादरीत गुंडाळलेलं होतं. आमच्या पडद्याची जोडीची चादर. आई म्हणाली, "ही हरवली होती."

मी गाठ सोडली. आत दार होतं. घासून गुळगुळीत केलेलं, बिजागऱ्या लावलेल्या, आणि चौकोन कोरून तयार.

"आमच्यापासून लपवलं होतं," ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले.

"तुमच्यापासून नाही हो भाऊजी," आई म्हणाली. "स्वतःपासून. समोर दिसलं असतं तर तेही कोणालातरी देऊन बसले असते."

टेलरकाकांनी टेप लावली आणि त्यांचा चेहरा पडला. "माप चुकलंय. दुसऱ्या बटणाच्या चांगलं चार बोटं खाली आहे."

"हात थरथरायचा ना अलीकडे," न्हावीकाका म्हणाले. "त्याचा काय दोष?"

माझाही जीव खट्टू झाला. निदान हे शेवटचं तरी नीट व्हायला हवं होतं. न्हावीकाकांनी पिशवीतून गिऱ्हाइकाला मान दाखवायचा चौकोनी आरसा काढला, उगाच खड्ड्यात बसवून धरला आणि दार भिंतीला टेकवून उभं केलं. "वहिनी, बघा तरी."

आई पुढे झाली. ती वाकली नाही, टाचा उचलल्या नाहीत. नुसती उभी राहिली. आरशात तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत बरोबर मधोमध आला.

तिचं वय झालं होतं, पाठीला बाक आला होता, ती चार बोटं खाली आली होती. मी तिच्याच घरात राहते, मला दिसलं नव्हतं. तिलाही कळलं नव्हतं.

आईने आरशातल्या आपल्या कपाळावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "मेलं मला वाटायचं, वरच्या फळीवरचा डबा हल्ली मागे का जातोय." आणि पदराने नाक पुसत तिने वखारवाल्याला सांगितलं, "बाकीचं न्या. कपाट द्यायचं नाही."

दार बसवायला ते तिघंच सरसावले. एक न्हावी, एक शिंपी, एक बसचा ड्रायव्हर. काय वर्णन करू! एकाने स्क्रू वाकडे पिळले, दुसऱ्याने बिजागरी उलटी लावली, तिसरा नुसता "डावीकडे घ्या, डावीकडे" ओरडत होता. शेवटी दार लागलं एकदाचं, पण मिटेना. खालून घासायचं आणि वरून बोटभर उघडं राहायचं.

टेलरकाका डोकं खाजवत म्हणाले, "वहिनी, जरा लाकूड वाकलंय वाटतं."

आई हसायला लागली. कपाटाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग हसता हसताच रडायला लागली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही तिला तसंच रडू दिलं. न्हावीकाकांनी तेवढा वेळ दार हाताने मिटून धरलं होतं.