मधल्या ओट्याचं पाणी

मी मेगरचं हँडल फिरवत होतो आणि काटा शून्यावर बसून होता. जोरात फिरवलं, तरी तिथंच. शनिवारी याच वायरीवर याच मेगरचा काटा पार दुसऱ्या टोकाला गेला होता. म्हणून तर मी कम्प्लीशन रिपोर्टवर सही केली होती. माझ्या नोकरीतली ती पहिली सही. आज सोमवार होता आणि शुक्रवारी नागपूरहून इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर तपासायला येणार होते.

मेगर म्हणजे काय ते आधी सांगतो. लाकडी पेटी असते, तिला एक हँडल. ते फिरवलं की वायरीवरचं रबर किती पक्कं आहे ते काटा दाखवतो. काटा वर गेला तर वीज तांब्याच्या आतच राहील. शून्यावर राहिला तर वीज कुठूनतरी बाहेर पडणार. आणि बाहेर पडली की ती भिंत, फरशी, माणूस असा भेद करत नाही.

मुनीर मिस्त्री आमच्या वीज कंपनीतला सगळ्यात जुना वायरमन. त्यानं स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या बाजूचा बॉक्स उघडला, आत बोट घातलं आणि ओलं बोट माझ्यासमोर धरलं.

"साब, इसमें तो मछली पालो."

हा ओटा साधा नव्हता. आबासाहेब हिवरखेडकडचे मोठे कास्तकार. अकोल्यात त्यांनी नवा बंगला बांधला होता. त्यांच्या पत्नी गोदाबाई, त्यांना सगळे माय म्हणत. मायचे गुडघे गेलेले. चुलीपाशी बसलं की उठवायला दोन माणसं लागत. म्हणून मुंबईला राहणाऱ्या मुलानं विजेची शेगडी पाठवली आणि उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधा, असं कळवलं. गवंड्यानं तो भिंतीला लागून आखला. मायनं आखणी पाहिली आणि पायानं पुसून टाकली.

"भितीकडे तोंड करून मी काहून उभी राहू? मी काय शाळेत शिक्षा भोगून राहिली?"

शिवाय रांधणारीचं तोंड पूर्वेला हवं. पूर्वेच्या भिंतीत तर आंगणात उघडणारं मोठं दार. दार बुजवायला आबासाहेब तयार नव्हते. शेवटी मायनंच सांगितलं, ओटा खोलीच्या मधोमध घ्या. तिथून पूर्वही दिसेल, आंगणही दिसेल आणि जेवायला बसलेली माणसंही. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, वर शहाबादी फरशी, चारी बाजूंनी फिरायला जागा. तेव्हा अख्ख्या अकोल्यात असा ओटा मी तरी दुसरा पाहिला नव्हता. त्यात दोन प्लग हवे होते. शेगडीसाठी पंधरा अँपिअरचा तीन पिनांचा आणि किटलीसाठी लहान.

भिंतीच्या ओट्याला वायर भिंतीवरून येते. मधल्या ओट्याला भिंतच नाही. मुनीर म्हणाला होता, छतापासून खांब खाली सोडू, त्यातून वायर आणू. माय म्हणाल्या, घरात फाशीचा खांब नको. मग मी कागद काढला आणि फरशीखालून लोखंडी पाइपातून वायर नेण्याचं ड्रॉइंग केलं. बॉक्स जमिनीपासून एक वीत उंचीवर. माझ्याकडच्या विलायती पुस्तकात असंच चित्र होतं. ड्रॉइंग फार सुबक झालं होतं. आमचे रेसिडेंट इंजिनिअर दातेसाहेब पुण्याचे, सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. तेसुद्धा म्हणाले, "अक्षर बरं आहे तुमचं."

मी नांदगाव खंडेश्वरचा. वडिलांचं बागाईत. वांगी, मेथी, झेंडू. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अमरावतीला बी.एस्सी. झालो, मग नागपूरला दोन वर्षं विजेचं काम शिकलो आणि इथं सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर सुपरवायझर म्हणून लागलो. हे काम पास झालं की मी कायम होणार होतो. सहीखाली नावापुढे बी.एस्सी. लिहिताना माझा हात जरा जास्तच रेंगाळला होता, हे कबूल करतो.

आणि आता बॉक्सात पाणी.

माय आंगणात चिंचेखाली बाजेवर बसल्या होत्या. मी गेलो.

"माय, ओट्यावर पानी कोनं टाकलं?"

"मी. काहून? काल सकाळी आली होती मी. गवंड्याच्या पायाची माती होती त्याच्यावर. दोन घागरी ओतल्या, खराट्यानं घासला, अजून दोन ओतल्या."

"आता रोज असाच धुवाल का?"

माय हसायलाच लागल्या. "अय बाप्पा! मोठा इंजनेर! अरे, चूल रोज सारवतात का नाही? आंगोय करायची, ओलेत्यानं चूल सारवायची, मंग इस्तू पेटवायचा. दगड काही सारवता येत नाही, म्हनून धुवायचा. तुही माय नाही सारवत?"

सारवते. रोज सकाळी सारवते. चोवीस वर्षं मी ते पाहत आलो होतो. तरी ड्रॉइंग काढताना मला विलायतेतली कोरडी खोली दिसली, आमची चूल दिसली नाही. चूक गवंड्याची नव्हती, मुनीरची नव्हती. चूक सुबक अक्षरात मीच काढली होती.

कनेक्शन अजून जोडलं नव्हतं, म्हणून कुणाला काही झालं नाही. पण जोडल्यावर काय होईल ते मी तिथं उभ्या उभ्या पाहिलं. ओलं लुगडं, अनवाणी पाय, ओली फरशी आणि हात शेगडीच्या लोखंडी अंगावर. यापेक्षा वाईट जोडणी विजेच्या कामात नाही.

सायकल काढली आणि ऑफिस गाठलं. दातेसाहेबांनी ऐकून घेतलं.

"त्यात एवढं काय? बॉक्सपाशी कोळशाची शेगडी ठेवा. दोन दिवसांत पाइप सुकेल. शुक्रवारपर्यंत ओट्याला पाणी लावू नका म्हणावं त्यांना. टेस्ट पास होईल."

"आणि शनिवारी, सर?"

"शनिवारी इन्स्पेक्टर नागपूरला परत गेलेले असतील."

"माय मात्र तिथंच असतील, सर. रविवारी अक्षय तृतीया, त्यांची वास्तुशांत आहे. मी सही मागे घेतो. फरशी फोडून पाइप पुन्हा टाकतो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रोबेशनवरच्या माणसानं सही मागे घ्यायची नसते. घेतलीत, तर शुक्रवारी काम पूर्ण करून दाखवा. जमलं नाही तर सोमवारपासून मीटर रीडिंगची वही घ्या आणि दारोदार फिरा. सुपरवायझरकीचं विसरून जा."

मी रिपोर्ट परत घेतला. तिथंच फाडला. आज वाटतं, घडी करून खिशात ठेवला असता तरी चाललं असतं. पण तेव्हा पंचविशीही झाली नव्हती.

आबासाहेबांना सांगणं त्याहून अवघड गेलं.

"फरशी फोडतो? वास्तू तोंडावर आली अन् फरशी फोडतो? अरे, माळ्याचं पोट्टं तू, वाफे करत बसला असता तर बरं झालं असतं! कोनं शिकवलं तुले हे इंजनेरीचं?"

उत्तर दिलं ते मायनं.

"फोडू द्या त्याले. तथी उभी मी राहनार हाओ. तुमी त पाटावर बसान."

आबासाहेब धोतराचा सोगा सावरत बाहेर गेले. मुनीरनं छिन्नी उचलली.

मंगळवारी दुपारपर्यंत पाइप उघडा पडला. लेव्हलमध्ये सरळ टाकलेला, मधे किंचित बसलेला. त्या खळग्यात पाणी साचून राहिलं होतं. मुनीर म्हणाला, "सफेदा लगाके जोड़ पक्के बंद कर देते हैं. पानी घुसेगाच नहीं." मी पाइपाखालची माती हातात घेतली. काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरची वस्तू वर्षात दोनदा जागची हलते. तिच्यात कुठला जोड जन्मभर बंद राहणार? पाणी शिरणार असंच धरून चालायला हवं होतं.

आणि तिथं मला माझे वडील आठवले. बाबांना सपाटी बघायची लेव्हलची बाटली माहीत नव्हती. नवा पाट काढला की ते आधी तांब्याभर पाणी सोडायचे आणि उकिडवे बसून बघायचे. पाणी थांबलं तिथं कुदळ. पुन्हा तांब्या. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी आपल्या पायांनी गेलं की मगच उठायचे.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तांब्या मागवला आणि चरात पाणी सोडून उकिडवा बसलो. आबासाहेब दारात येऊन बघत होते. आता खरोखरच वाफे करत बसलो होतो. मी पाण्यावरची नजर हलवली नाही.

बुधवारी पाइप पडला. ओट्याकडून बाहेरच्या भिंतीकडे उतार. भिंतीबाहेर पाइपाच्या तळाला एक भोक, म्हणजे आत थेंब गेलाच तर तिकडून निघून जाईल. ओट्याच्या पोटात पाइप थेट वरपर्यंत उचलला आणि दोन्ही प्लग एक वीत उंचीवरून काढून वर, शहाबादीच्या बाहेर आलेल्या कडेखाली बसवले. कडेच्या खालच्या अंगाला पाथरवटाकडून एक खाच मारून घेतली. वरून ओघळणारं पाणी खाचेपाशी तुटून खाली पडतं, मागे प्लगकडे वळत नाही. स्विच ओट्यापासून दूर, कोरड्या भिंतीवर.

एक गोष्ट राहिली होती. अर्थिंग. शेगडीच्या अंगावर चुकून वीज आलीच, तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून जाड तार खाली पुरलेल्या पत्र्याला जोडतात. पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ. पण जमीन ओली असेल तरच ती वीज पटकन घेते. आणि हा आमचा वऱ्हाडी उन्हाळा. खड्ड्यापाशी जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की हात मनगटापर्यंत आत जावा. महिनाभरात ते अर्थिंग नावापुरतं उरलं असतं.

गुरुवारी सकाळी मी त्या भेगांकडे बघत उभा होतो. आतून माय घागर आपटत ओरडल्या, "अरे, हे धुतलेलं पानी जाईन कुठी? आंगनात चिखल नको मले!"

मी वळून मुनीरकडे बघितलं. मुनीरच्याही डोक्यात तेच आलं असावं, कारण त्यानं फावडं आधीच उचललं होतं. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या मोरीपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पाट तयार झाला. तांब्या सोडून बघितला. पाणी आपल्या पायांनी गेलं. आता माय जितका ओटा धुतील तितकं अर्थिंग चांगलं राहणार होतं.

शुक्रवारी इन्स्पेक्टर आले. वाळकेसे गृहस्थ, फार बोलत नसत. दातेसाहेब बरोबर होते. इन्स्पेक्टरांनी मेगर लावला. काटा वर गेला. ते वहीत लिहिणार, तेवढ्यात मी म्हणालो, "सर, एक विनंती आहे. आता ओटा धुवून टेस्ट घ्या."

दातेसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मीटर रीडिंगची वही मला डोळ्यांसमोर दिसली.

"धुवून?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"या घरात तो रोज धुतला जाणार आहे, सर."

मायनं वाटच पाहिली नाही. पहिली घागर ओतली. खराटा फिरवला. दुसरी ओतली. पाणी कडेवरून धो धो पडलं, इन्स्पेक्टरांचे बूट भिजले. तिसरी घागर ओतून माय बाजूला झाल्या, "घ्या, पाहा आता."

इन्स्पेक्टरांनी हँडल फिरवलं. काटा थरथरला. मग तो उठला आणि मघाशी होता तिथं जाऊन बसला. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच. मग बाहेर जाऊन अर्थिंग मोजलं आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले.

"या काळ्या जमिनीत, या दिवसांत, इतकं चांगलं?"

मी पाट दाखवला. ओट्याचं पाणी कुठून येतं, कुठं जातं, सांगितलं.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, सर. नांदगावात आहे."

ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. या वेळी हात रेंगाळला नाही. परतताना दातेसाहेब म्हणाले, "सोमवारी वेळेवर या." मीटर रीडिंगबद्दल काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

वास्तूला आबासाहेबांनी माझ्या वडिलांना मुद्दाम निरोप धाडून बोलावलं. बाबा धुवट धोतर नेसून, झेंडूची टोपली घेऊन मोटारीनं आले. आबासाहेबांनी त्यांना आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. "तुमच्या पोराले मी वाफे कर म्हनलं होतं," ते म्हणाले, "त्यानं माह्याच घरात करून दाखवले."

जेवणं झाल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. माय ओट्यापाशी उभ्या होत्या, दाराकडे तोंड करून, सगळ्यांना हुकूम सोडत. शेगडीवर दूध तापत होतं. बाबांनी शेगडीकडे बघितलं नाही, प्लगकडेही नाही. ते बाहेर गेले, पाण्याच्या पाटाशी उकिडवे बसले, नजरेनंच मोरीपासून खड्ड्यापर्यंत गेले आणि उठताना म्हणाले, "उतार बराबर हाय."

मला पुढे कंपनीत बढत्या मिळाल्या, साहेबांची पत्रं मिळाली. ते तीन शब्द मी त्या सगळ्यांच्या वर ठेवतो.

त्यानंतर मी वऱ्हाडात पुष्कळ घरांत वीज नेली. स्वयंपाकघर आलं की टेप आणि कागद पिशवीतच ठेवायचा आणि आधी घरच्या बाईला विचारायचं, "माय, तुमी पानी कुठी वतता?" हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर छापलेला नव्हता. म्हणून तो तोंडी विचारावा लागे.