डाव्या पट्टीतले दाजी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, एकही पुस्तक न वाचता पुस्तकांचे तपासनीस झाले. यंत्रांची माहितीपुस्तकं काढणाऱ्या कंपनीत ते नोकरीला होते. पीडीएफ उघडली की हे डावीकडची बुकमार्कांची, म्हणजे अनुक्रमणिकेची, पट्टी उघडत. प्रकरणं, पोटप्रकरणं, त्यांच्या पोटातली आणखी पिल्लं. बारीक खुणेवर टिचकी मारायची, फांदी उघडायची, मिटायची. मग अख्खी यादी वेगळ्या फाइलीत एक्स्पोर्ट करायची, वर 'तपासले' लिहायचं आणि साहेबांकडे धाडायची. मजकुराच्या बाजूला गृहस्थ चुकूनही फिरकत नसत. एकदा पाण्याच्या पंपाच्या पुस्तकात पिठाच्या गिरणीचा मजकूर पडला होता. बुकमार्क मात्र पंपाचेच, म्हणून दाजींनी पास केलं. आणि या उंटावरून शेळ्या हाकण्याला बढती मिळाली! तेव्हा जी शिंगं फुटली, ती फुटलीच.

घरीही तोच खाक्या. त्यांच्या बहिणीच्या मुलीनं आपला प्रबंध दाखवला, तर नाकाने कांदे सोलत म्हणाले, "तिसरं प्रकरण एक पायरी आत घे." प्रबंध कशावर आहे, असं तिनं विचारलं तेव्हा पंख्याकडे बघत बसले. मला हा माणूस कधी आवडला नाही, आणि ते मी लपवलंही नाही.

ताई नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं वॉर्डातल्या आठवणी लिहिल्या. मी त्या टाइप केल्या, पीडीएफ केली, बुकमार्क लावले. त्यात 'बाळ' नावाचं दोन पानांचं प्रकरण होतं. ताईचं एकुलतं एक बाळ पाळण्यात असतानाच गेलं. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढलेला नाही.

"पुस्तक कुणी छापो न छापो," ताई मला म्हणाली, "यांनी ती दोन पानं वाचावीत, बस. तोंडानं मला कधी सांगता नाही आलं रे."

दाजींनी फाइल मागून घेतली. संध्याकाळी मी गेलो तर जेवणाच्या टेबलावर एक्स्पोर्ट केलेली यादी छापून ठेवलेली, तिच्यावर लाल पेनाचे बाण.

"वाचलंत?" ताईनं विचारलं. हातातल्या फडक्याची ती उगाच घडी करत होती.

"सगळं पाहिलं. छान आहे. फक्त हे 'बाळ' आहे ना, दोन पानांचं प्रकरण स्वतंत्र शोभत नाही. 'रात्रपाळी'च्या पोटात टाक."

"त्यात काय लिहिलंय?"

दाजींनी यादीवर बोट ठेवलं. "पान त्रेसष्ट, चौसष्ट."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईनं मला नजरेनंच गप्प केलं.

त्या दोन पानांत काय होतं ते मला पाठ आहे. बाळ गेल्यावर सगळे त्याला खाली ठेवायला सांगत होते तेव्हा एकटा हा माणूस त्याला छातीशी धरून कसा बसला होता, कुणाला हातही लावू देत नव्हता, आणि त्या एका दिवसासाठी आपण याचं पुढचं सगळं कसं पोटात घातलं, हे ताईनं लिहिलं होतं. या माणसाबद्दल कुणी लिहिलेले तेवढेच चार बरे शब्द.

ताईनं मला ती दोन पानं काढून टाकायला लावली. नवी फाइल दाजींनी उघडली, पट्टी वरून खाली पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, आता कसं सुटसुटीत झालं!"