वैष्णवीचा चेहरा आणि तिचं टेस्टिंग

"नुसतं पाणी लावलं तरी जळतं, डॉक्टर," असं म्हणत वैष्णवीने माझ्या टेबलावर पिशवी रिकामी केली.

मला प्रिस्क्रिप्शनचं पॅड उचलून मांडीवर घ्यावं लागलं. टोनर, एसेन्स, तऱ्हेतऱ्हेची सीरम, कातडी सोलणारी ॲसिडं, रात्री लावायचं रेटिनॉल, रेटिनॉलने आग झाली की लावायचं जेल आणि गोगलगायीच्या चिकटापासून बनवलेली एक कोरियन बाटली. त्यांच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. गोगलगाय मात्र फ्रीजमध्ये सुखाने नांदत होती. शेजारी बसलेल्या तिच्या आईने, गिरिजाबाईंनी, ती बाटली दोन बोटांनी उचलली, लेबल वाचलं आणि हात पुसून घेतले.

मी त्वचारोगतज्ज्ञ. मूळची सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईत आले आणि वेस्ट मांबलममध्ये दवाखाना थाटला. आजूबाजूला तंजावरकडची जुनी मराठी घरं आहेत. त्यांना आपल्या भाषेत बोलणारी डॉक्टर हवी असते, मला पेशंट हवे असतात.

वैष्णवीचा चेहरा लाल, ताणलेला आणि चकचकीत झाला होता. हनुवटीभर पुटकुळ्या होत्या.

"हे पर्जिंग आहे ना? आतली घाण बाहेर येते म्हणतात," तिने विचारलं.

"बाहेर येतेय ती तुझी कातडी," मी म्हटलं.

सोप्या भाषेत सांगते. त्वचेच्या वर एक पातळ थर असतो, त्याला आम्ही बॅरियर म्हणतो. दुधावर साय असते तसा. तो आतला ओलावा राखतो आणि बाहेरची कटकट बाहेर ठेवतो. वैष्णवीने ती साय सकाळी ॲसिडने आणि रात्री रेटिनॉलने काढली होती. मग आग होते म्हणून आणखी एक सीरम, त्याने पुटकुळ्या आल्या म्हणून आणखी एक. फोनवरच्या व्हिडिओतली एखादी कोवळी पोरगी जे सांगेल ते सगळं तिच्या गालावर येऊन पडत होतं.

"दीड महिन्यावर लग्न आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "हिच्या अत्त्या मंजळ लावल्याशिवाय सोडायच्या नाहीत. हिला पाणी सोसत नाही, हळद कशी सोसेल?"

वैष्णवी रडायला लागली आणि अश्रूंनीही गाल जळतात म्हणून आणखी रडली. मला खरंच वाईट वाटलं. हळदीला चेहरा झाकून बसलेली नवरी म्हणजे आयुष्यभर पुरेल असा विषय झाला असता.

मी सगळं बंद केलं. साधं क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन असं लिहून दिलं. तिने कागद उलटून बघितला.

"इतकंच?"

"इतकंच."

हॉटेलात आलेल्याला नुसतं पाणी प्यायला सांगावं, तशा चेहऱ्याने मुलगी निघून गेली.

पुढच्या भेटीला उजवा गाल बराच शांत झाला होता. डावा टोमॅटोसारखा लाल होता. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी नाकाच्या रेषेवर थांबणारा आजार पाहिला नव्हता.

"डाव्या गालाला काय लावलंस?"

ती म्हणाली, "डॉक्टर, मी टेस्टर आहे."

वेलचेरीतल्या कंपनीत ही मुलगी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. चूक सापडली की ती मुद्दाम पुन्हा घडवून बघायची, म्हणजे कारण पक्कं होतं, हा त्यांचा नियम. "बग रिप्रोड्यूस केल्याशिवाय क्लोज कसा करणार? म्हणून एकेक प्रॉडक्ट डाव्या गालावर परत लावून बघत होते. उजवा गाल तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, तसाच ठेवला होता."

"मग सापडला बग?"

"सगळ्यांनीच जळतंय."

गिरिजाबाईंनी कपाळावर हात मारला. "पोदुम, कण्णा," त्या म्हणाल्या. पुरे झालं, बाळा.

मला रागही आला आणि हसूही. कातडी काय असते हे या मुलीला मी समजावून थकले होते. म्हणून तिच्याच ऑफिसच्या भाषेत शिरले.

"रिलीजच्या आधी तुमच्याकडे काय करतात?"

"कोड फ्रीझ. कुणीही काहीही बदलायचं नाही."

"आणि कुणी बदललं तर?"

"मॅनेजर त्याला फाडून खातो."

"तुझा रिलीज हळदीच्या दिवशी आहे. मॅनेजर मी."

तिने मान डोलावली. त्या दिवशीही बरोबर आणलेली ती पिशवी गिरिजाबाईंनी घरी न्यायलाच दिली नाही, माझ्या डस्टबिनमध्ये टाकली. त्यानंतर वैष्णवीने खरंच काही केलं नाही. मेकअपवालीने लग्नाआधीचं 'ग्लो फेशियल' सुचवलं, तेव्हा तिला म्हणे "फ्रीझ चालू आहे" एवढंच उत्तर मिळालं.

हळदीला मीही गेले. हातापायांनाच हळद लावायची, चेहऱ्याला नाही, असं मी बजावलं होतं. पण थोरल्या अत्त्याला कोण अडवणार? तिने दोन्ही गालांवर हळद फासली. गिरिजाबाईंचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला. वैष्णवीने डोळे मिटले, थोडं थांबली, मग उघडले.

"थंड वाटतंय," ती म्हणाली.

गिरिजाबाईंनी माझं मनगट सोडलं आणि पदराने डोळे पुसले.

जेवताना थोरली अत्त्या माझ्या शेजारच्या पानावर येऊन बसली.

"पोरीला काय दिलं हो, डॉक्टर?"

"काही नाही. होतं ते बंद केलं."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ते सगळ्यांना सांगता. मला खरं नाव सांगा."

लग्न उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने माझी अपॉइंटमेंट घेतली. येताना मोठी पिशवी आणली होती.