न जळणारी वात

ज्या धाग्याला आग काही करू शकत नाही, तो माणसाचंही काही बिघडवणार नाही, असं तुम्हीही धरून चालता का?

निजामाच्या राज्यातल्या आमच्या पेडगावातले एक आप्पा तसं धरून चालतात. मुंबईच्या गोदीत ते जहाजांच्या बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचा न जळणारा धागा गुंडाळत. खोकला जडला तेव्हा परतले, ते त्याचाच एक दोर घेऊन. आता महादेवाच्या देवळात बसून तो पिंजतात आणि मांडीवर वाती वळतात. तेल संपतं, वात तशीच राहते, म्हणून बाया तिला हात जोडतात. हल्ली त्याही शेजारी पिंजायला बसतात. खोकला आला की आप्पा देवाचा मान राखून दिव्याकडे पाठ करतात.

"आप्पा, ही धूळ छातीत बसते. डॉक्टरांच्या पत्रकात छापून आलंय," मी म्हणालो.

"गोदीत सायब रोज गूळ द्यायचा, भाऊ. धूळ जायची गुळासंगं."

"तुमच्या टोळीतले बाकीचे कुठं आहेत?"

"गेले समदे खोकून. मुंबईचं पाणी लय वाईट."

"तुम्ही तर वर्षभर इथलंच पाणी पिताय."

"तवाच जित्ता हाय की."

त्यांनी हातातला पुंजका फुंकून साफ केला आणि माझ्या आईसाठी वात वळून दिली.

निजामाच्या राज्याला समुद्र नाही, तरी गोदीचा रोग आमच्या देवळात पोचला.

तुमच्या घरी अशी वात आली असेल, तर ती पिंजू नका, झटकू नका. ओली करून खोल पुरा आणि कापसाची लावा. ती जळून जाईल, रोज नवी वळावी लागेल. तेवढी वळा.