रिकामा ठोकळा

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पौडच्या शाळेत तिसरीच्या मुलींकडून तेराचा पाढा म्हणून घेत होते. एस.टी.चा कंडक्टर खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, गावी चला, भऱ्याला. तुमचे दादा..." मुली तेरा सत्तेवर अडल्या होत्या. मी आधी त्यांचं एक्क्याण्णव दुरुस्त केलं आणि मगच खडू खाली ठेवला. माणूस अशा वेळी असं का वागतं, देव जाणे.

दादा, माझा थोरला भाऊ, धरणावरच्या एका साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेब मायदेशी परतताना त्याला एक काचेचं कपाट देऊन गेला. आत तळहातावर मावतील अशा अकरा मोटारी, खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब. गावात धड सायकल नव्हती कुणाकडे, आणि आमच्या दादाकडे अकरा मोटारी! "मोटारमालक, आज कुठली काढणार?" असं मी चिडवायची. तो मात्र खऱ्या गाड्यांइतकंच त्यांचं करायचा. कपाटावर ऊन येऊ द्यायचं नाही, रंग उडतो. धूळ झाडायची ती दाढीच्या जुन्या ब्रशाने. आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखाली सागाचा छोटा ठोकळा, म्हणजे चाकं अधांतरी. "उभ्या गाडीचा भार चाकावं टाकू न्हाई, कुसे. रबर बसतं. एकदा बसलं की पुन्हा गोल व्हत न्हाई." पावसाळ्यात मुळशीची ओल काय सोडते कुणाला! मग सगळी फौज धोतराच्या फडक्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, आणि डबा चुलीवरच्या माळ्यावर.

साहेबाची खरी काळी गाडी एका कंत्राटदाराने घेतली, गाडीबरोबर दादालाही घेतलं. तिच्यासारखीच एक छोटी काळी गाडी कपाटात मधोमध होती. एकदा पुण्याहून रिकामा परतताना दादाने माझ्या यजमानांना बरोबर घेतलं. भर दुपारी, घाटाच्या वळणावर गाडी खाली गेली. हे जागीच गेले. दादा वाचला, पाय मोडला. दहाव्याला तो काठी टेकत आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. "डोळा लागला माझा, कुसे. येवढंच झालं." ब्रेक गेले म्हणाला असता, तर पाहायला कोण होतं? पण खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

मी काय बोलले ते मला अजून पाठ आहे. "ती काळी गाडी पुन्हा माझ्या नजरेला पडता कामा नये." खरी गाडी तर दरीत मोडून पडली होती. मी कपाटातल्या गाडीबद्दल बोलत होते, आणि त्याला ते बरोबर कळलं.

त्या भाऊबीजेला गेले तर मधली गाडी नाही. नुसता ठोकळा. बाकी दहा गाड्या आपापल्या जागी, आणि मधे तो रिकामा ठोकळा. त्याने तोही का काढला नाही? ओवाळताना निरांजन काचेत दिसायचं आणि मी त्याच्या तोंडाकडे न बघता त्या ठोकळ्याकडे बघायची. अशा बारा भाऊबीजा झाल्या. पौडात एकटी जेवायला बसले की समोर ह्यांच्या पाटावर मला तो ठोकळा दिसे. दादाने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, शेती केली. गाडी त्याने धरणात टाकली असणार, असं मी धरून चालले होते. गेल्या भाऊबीजेला तो म्हणाला, "कपाट उघडू का जरा?" मी म्हटलं, "नको, एस.टी. चुकेल." एस.टी.ला तासभर अवकाश होता...

गेल्या आठवड्यात वहिनीने पेरणीसाठी बोलावलं. आमच्याकडे बियाण्याचं भात पेंढ्यात घट्ट बांधून ठेवतात, त्याला मुडा म्हणतात. तो बांधायचा आणि सोडायचा दादानेच, वहिनीलाही हात लावू देत नसे. यंदा आम्ही दोघी बायकांनी कोयत्याने बंध तोडले. भात सुपात ओघळलं, आणि त्यातून धोतराच्या फडक्याची एक पुरचुंडी. उघडली. काळी गाडी! गंजाचा ठिपका नाही.

"मला ठावं व्हतं, वन्सं," वहिनी खाली बसत म्हणाली. "मी म्हणलं व्हतं, टाकून का देत न्हाई? तर म्हणले, कुसी कवातरी म्हणंल, लाव परत. तवा ती गंजल्याली निघाली तर?"

'लाव परत', एवढंच म्हणायचं होतं मला. बारा वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नाही. दुष्टपणाच केला मी, आणि विधवा म्हणून मला कुणी बोललं नाही.

मी गाडी घेऊन कपाटाशी गेले. चारही चाकं बोटांनी चाचपली. रबर कुठंही बसलं नव्हतं. त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. बाहेर वहिनी भात पाखडत होती, खोलीत मी एकटीच.

"लाव परत, दादा," मी मोठ्याने म्हणाले. वाट पाहिली... मग माझ्याच हाताने गाडी ठोकळ्यावर ठेवली आणि पुढच्या चाकाला बोट लावलं. कपाटाचं दार लावलं तेव्हाही ते फिरत होतं.