डॉक्टरांसाठी काढलेलं वेटोळं

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षांत फूटपट्टीला हात लावला नाही, हा यांचा तोरा. कंपवात जडून सात वर्षं झाली. गोळ्या झाल्या, काढे झाले, मसाज झाला. आता मेंदूच्या ऑपरेशनवर आशा होती. त्याआधी डॉक्टर कागदावर वेटोळं काढायला लावून हाताची थरथर बघणार होते.

हे कळल्यावर यांनी महिनाभर रोज वेटोळी गिरवली, गोळीचा अंमल असेल तेवढ्या तासाभरात.

मी म्हटलं, "अहो, परीक्षा आहे का ती?"

"मग काय डॉक्टरसमोर वाकडी रेघ काढू?"

तपासणीच्या दिवशी यांनी डॉक्टरांसमोर वेटोळं काढलं. गोल गरगरीत, एका दमात. डॉक्टर खूश. "औषध छान लागू पडलंय. ऑपरेशनचं वर्षभराने बघू."

मी तोंड उघडणार, तोच यांनी टेबलाखालून माझं मनगट दाबलं.

निघताना गोळीचा अंमल उतरला आणि दारातच यांचे पाय जमिनीला खिळले. ना आत, ना बाहेर. डॉक्टरांची मान पुढच्या फायलीत.

मी चिडून कुजबुजले, "आता तरी सांगू?"

चौकट घट्ट धरून हे म्हणाले, "रेघ बघितलीस का माझी?"